लोकशाहीर अण्णाभाऊ साठे : ढोलकी-तुणतुण्याचा मान

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या हलगी, ढोलकी, डफ आणि तुणतुणे वाजत आले. त्यांच्यावाचून ना देवाची पालखी निघाली, ना लग्नाची वरात. वाजविणाऱ्याचे घर मात्र गावकुसाबाहेरच राहिले. त्याची कला सर्वांना हवी होती. त्याला पंगतीत शेजारी बसवून घेण्यास कोणी तयार नव्हते. या उपेक्षित कलावंतांच्या कलेला ज्यांनी भर सभेत मान मिळवून दिला, ते लोकशाहीर अण्णाभाऊ साठे. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. मला आज लिहावयाचे आहे ते त्यांच्यातील तमासगिराविषयी.

अण्णाभाऊंचे मूळ नाव तुकाराम. १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगाव या गावी मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील भाऊराव, आई वालुबाई. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले असे सांगतात. लहानपणीच पोटासाठी आईवडिलांबरोबर वाटेगावाहून मुंबईपर्यंतची वाट त्यांनी पायी तुडविली. मुंबईत पडेल ते काम केले, गिरणीतही राबले. दुकानांच्या पाट्या वाचता वाचता अक्षर ओळख झाली आणि कामगारांच्या सभा ऐकता ऐकता विचार घडला.

पुढे काही काळ ते गावी परतले आणि नात्यातील बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात शिरले. त्यांचे खरे विद्यालय हेच, असे मला वाटते. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग ही तमाशाची बांधणी त्यांनी पुस्तकातून नव्हे, तर बोर्डावर उभे राहून आत्मसात केली. ढोलकीची थाप कोठे पडली म्हणजे प्रेक्षक सावरून बसतो, सोंगाड्याने कोठे थांबावे, मागच्या सुरत्याने सूर कधी उचलावा, हे सारे त्यांच्या अंगात भिनले. वाद्येही ते स्वतः वाजवीत.

मुंबईस परतल्यावर १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले. एक वाटेगावचा मातंग, दुसरा बार्शीचा मुसलमान शाहीर. दोघेही कष्टकऱ्यांच्या घरातले. त्यांच्या पहाडी आवाजांनी गिरणगावातील मैदाने भरून जात. स्टालिनग्राडच्या लढाईवरील अण्णाभाऊंचा पोवाडा त्याआधीच कामगारांत गाजला होता. दूरच्या रशियातील लढा परळ-लालबागच्या चाळीत पोहोचला तो डफ-तुणतुण्याच्या साथीवर!

याच सुमारास तमाशावर अश्लीलतेचा शिक्का बसला होता. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात मुंबई सरकारने त्यावर बंदीही आणली. फडावर पोट असणाऱ्या शेकडो कलावंतांपुढे उद्याच्या भाकरीचा प्रश्न उभा राहिला. अण्णाभाऊंनी तमाशाचा साचा मोडला नाही. त्यांनी त्यात नवा आशय भरला. गणात देवाच्या स्तवनाऐवजी मायभूमीला, श्रमिकांना आणि हुतात्म्यांना वंदन आले, गौळण गळाली, वगात राजाराणीच्या जागी सावकार, पुढारी आणि कामगार उभे राहिले. अशा तमाशाला लोकनाट्य हे नाव रूढ झाले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘लोकमंत्र्याचा दौरा’ ही त्यांची लोकनाट्ये त्या काळी गाजली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीने तर सभाच्या सभा हेलावून सोडल्या.

तमाशातील माणसांचे दुःखही त्यांनी लिहून ठेवले. ‘वैजयंता’ या कादंबरीत तमाशातील स्त्री ही करमणुकीची वस्तू नसून कलेवर जगणारी, मानासाठी झगडणारी बाई आहे. तिच्यावरून १९६१ साली चित्रपट निघाला. १९५९ च्या ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य शासनाचे पारितोषिक लाभले. त्याच वर्षी ते रशियास जाऊन आले. एवढी कीर्ती मिळूनही त्यांची कित्येक वर्षे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत गेली. १८ जुलै १९६९ रोजी वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, दारिद्र्यातच त्यांचे निधन झाले. पुढे २००२ साली टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत पुतळा उभा राहिला.

येथे एक प्रश्न मला सतावतो. लोकनाट्य या नावाने कलेला प्रतिष्ठा मिळाली. कलावंताला कितपत मिळाली? साठच्या दशकात शहरी नाट्यगृहांत सुशिक्षित प्रेक्षक तिकीट काढून लोकनाट्य पाहू लागला. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ पासून खूप चालले. त्याच काळात फडाचा ढोलकीवाला जत्रेमागून जत्रा करीत तंबूतच राहिला. अण्णाभाऊंनी दार उघडले, परंतु त्यातून पुष्कळदा कला आत गेली आणि कलावंत बाहेरच राहिला. हा दोष त्यांचा नव्हे. ते स्वतः त्या माणसांतलेच होते. दोष तुम्हा-आम्हा प्रेक्षकांचा आहे.

आपली भिवंडी ही मागांची नगरी. मुंबईच्या गिरण्या मिटत गेल्या आणि येथील यंत्रमागांची खडखड वाढत गेली. पोटासाठी येथे आलेली माणसे आपापली वाद्येही घेऊन आली. आमच्या वस्तीत अण्णाभाऊंच्या जयंतीला हलगी वाजविणारे एक वयस्क मामा आहेत. एरवी ते मागावर पाळी करतात. गेल्या वर्षी मी त्यांच्याशी बोलत बसलो, तेव्हा त्यांनी बाप, आजा आणि पणजा अशा तीन पिढ्यांच्या वादकांची नावे सांगितली. कोणत्या प्रसंगी कोणता ठेका, हेही हाताने वाजवून दाखविले. जयंतीच्या फलकावर पाहुण्यांची नावे होती, वर्गणीदारांची होती, मामांचे नव्हते. त्यांची मुले हलगी शिकली नाहीत. मामांबरोबर ते ठेकेही जातील.

आपल्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने हे काम हाती घ्यावे, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. दरवर्षी दहा विद्यार्थ्यांनी दहा वादक-गायक शोधावेत, त्यांचे नाव, गाव, गुरू आणि ठेके लिहून व ध्वनिमुद्रित करून ग्रंथालयात ठेवावेत. स्नेहसंमेलनात त्यांना मानधन देऊन बोलवावे आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे नाव पाहुण्यांच्या बरोबरीने छापावे. पहिली वही मी आणली आहे. तिच्या पहिल्या पानावर मामांचे नाव, त्यांची परवानगी घेऊन, लिहिले आहे.