लग्नगड्यांची गोदाराणी

रमजानमध्ये जकातीचा हिशेब होतो. जकात कोणाला द्यावी याचे आठ हक्कदार कुरआनने ठरवून दिले आहेत. त्यात गरीब आणि वाटसरू आहेत, तसेच आणखी दोघे आहेत. एक, ज्याची मान गुलामीच्या जोखडात अडकली आहे तो. दुसरा, कर्जात बुडालेला. आज गुलाम कुठे उरले, असे म्हणून पहिल्या वाटणीवरून बहुतेक जण पुढे जातात. पण ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे आजच्या पालघरमध्ये, ऐंशी वर्षांपूर्वीपर्यंत ही दोन्ही माणसे एकाच देहात सापडत होती. त्याला लग्नगडी म्हणत. त्याच्या मानेवरचे जोखड काढण्यासाठी जिने आयुष्य वेचले, ती बाई पुण्याच्या सुखवस्तू गोखले घराण्यातली होती. गोदावरी परुळेकर हे तिचे नाव.

गोदावरीबाईंचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी झाला. वडील वकील होते. फर्ग्युसन कॉलेजात अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकून त्यांनी पुढे कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचा उल्लेख होतो. वकिलीची वाट मोकळी असताना त्यांनी सत्याग्रहात उडी घेतली आणि १९३२ साली तुरुंगवास पत्करला. वडिलांना हे रुचले नाही. गोदावरीबाई मुंबईला आल्या. गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य झाल्या. मुंबईत त्यांनी प्रौढ साक्षरतेची मोहीम चालवली आणि १९३८ मध्ये घरकामगारांची संघटना बांधली. १९३९ मध्ये श्यामराव परुळेकर यांच्याशी त्यांचे लग्न झाले. श्यामरावांनी त्याआधी डॉ. आंबेडकरांबरोबर कोकणातल्या खोतीविरुद्ध काम केले होते. दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले आणि महायुद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत दोघांनीही तुरुंग भोगला.

सुटल्यावर गोदावरीबाई किसान सभेच्या कामासाठी ठाणे जिल्ह्यात पायी फिरू लागल्या. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे पहिले अधिवेशन भरले. त्याला उंबरगाव तालुक्यातून माह्या धनगडा आणि काही वारली बांधव आले होते. आपल्या मुलखात काय चालते ते त्यांनी सांगितले आणि गोदावरीबाईंना तिकडे यायचे आमंत्रण दिले.

तिकडे जे चालत होते त्याचे मूळ कर्जात होते. वारली जवानाला लग्नासाठी पन्नास-शंभर रुपये लागत. ते सावकाराकडून घ्यायचे आणि फेडण्यासाठी त्याच्याच घरी राबायचे. लग्न झाल्यावर बायकोही त्याच कामाला जुंपली जाई. पहाटेपासून रात्रीपर्यंत काम आणि मोबदल्यात पोटापुरता हलका दाणा. हिशेब सावकाराच्या वहीत असे आणि ती वही गड्याला वाचता येत नसे. त्यामुळे कर्ज कधी फिटतच नसे. काम टाळले तर फटके बसत. बायकांच्या अब्रूलाही मालकाच्या वाड्यावर मोल नव्हते. जे लग्नगडी नव्हते त्यांनाही वेठ चुकत नव्हती. ज्या जमिनी पूर्वी वारल्यांच्या होत्या, त्या सावकारांच्या नावावर चढल्या होत्या आणि त्याच जमिनीवर मूळ मालक फुकट राबत होता. या सावकार-जमीनदारांत हिंदू होते, पारशी होते, मुसलमानही होते. नमाज, पूजा, आतशची सेवा आपापल्या जागी होत होती आणि वेठही चालू होती.

जगाच्या नकाशावर हे काही एकटे उदाहरण नव्हते. वेस्ट इंडीज बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबली. १८३३ साली ब्रिटिश संसदेने साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. त्यात मळेवाल्यांना दोन कोटी पौंड भरपाई मिळाली, गुलामांना काहीच नाही. मळ्यांना हात तर हवेच होते. म्हणून १८३४ पासून मॉरिशसला हिंदुस्थानातून गिरमिटिये मजूर जाऊ लागले, त्यांत मराठी माणसेही होती. हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने गुलामीला असलेली कोर्टाची मान्यता गेली. पण गुलाम हा शब्द गेला तरी कर्जाचा दोर राहिला. १९३८-३९ मध्ये सिमिंग्टन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीचा अहवाल लिहिला, त्यात या वेठीचे वर्णन आहे. अहवाल छापला गेला, वेठ तशीच राहिली.

२३ मे १९४५ रोजी झरी गावी पाच हजारांवर आदिवासी जमले. परुळेकर पतिपत्नी तिथे होते. ठराव साधे होते. वेठ करायची नाही. रोजचे बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खासगी शेतावर कामाला जायचे नाही. मारले तर सगळ्यांनी मिळून उभे राहायचे. मग गावोगाव लाल बावटे घेऊन लोक वाड्यांवर गेले आणि लग्नगड्यांना बाहेर काढले. काही आठवड्यांतच ही पिढीजात प्रथा मोडली. गोदावरीबाई झोपड्यांत राहत, त्यांच्याबरोबर खात आणि त्यांच्या भाषेत बोलत. लोक त्यांना गोदाराणी म्हणू लागले.

जमीनदार गप्प बसले नाहीत. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोदाराणीची सभा आहे अशी हूल उठवली गेली. हजारो वारली जमले. त्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी मारले गेले. पुढच्या वर्षी गवतकापणीच्या हंगामात संप झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये आणि जंगलकामाला दिवसाला सव्वा रुपया ही मागणी होती. परुळेकरांना जिल्ह्याबाहेर काढण्यात आले, तरी संप टिकला आणि मालकांना दर मानावे लागले. ७ जानेवारी १९४७ रोजी नानिवलीला पुन्हा गोळीबार झाला आणि आणखी पाच जण गेले.

जव्हारला तेव्हा मुकण्यांचे संस्थान होते. १९४८ मध्ये ते विलीन झाले. जव्हार-मोखाड्याच्या वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळी पाड्यांवरही लाल बावट्याची हाक पोहोचली. श्यामराव १९५७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि १९६५ मध्ये तुरुंगातच वारले. गोदावरीबाईंनी काम थांबवले नाही. १९७० मध्ये त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचे निधन झाले.

देशात वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ मध्ये झाला. झरीच्या सभेला तेव्हा एकतीस वर्षे होऊन गेली होती. पण मान मोकळी झाली म्हणून पोट भरलेच असे नाही. १९९२ मध्ये वावर-वांगणीतली मुले उपासमारीने आणि आजाराने गेली, तेव्हा गोदावरीबाई हयात होत्या. आजही भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. उचल फिटली की नाही, हे पुष्कळदा अजूनही भट्टीवाल्याच्या वहीवरच ठरते. त्या विटांची घरे शहरात उभी राहतात. त्यांत रोजा सोडला जातो, देवघरात दिवा लावला जातो आणि ख्रिसमसचा तारा टांगला जातो.

मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण मशिदीत दरवर्षी ऐकू येते. झरीच्या सभेत बारा आण्यांचा ठराव करणाऱ्यांची मागणी याहून वेगळी नव्हती. जकातीच्या आठ वाटण्यांपैकी मान सोडवण्याची वाटणी रिकामी आहे असे ठरवण्याआधी भट्टीवरच्या उचलीची वही एकदा उघडून पाहायला हवी.