थंडी साठवणारा माणूस : फ्रेडरिक ट्यूडर

सुरतेत मे महिना लागला की घरोघरी एकच चर्चा, एसी एक टनाचा घ्यायचा की दीड टनाचा? हा टन काही एसीचं वजन नव्हे. तो बर्फाचा टन आहे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता त्याच वेळात खोलीबाहेर काढणारं यंत्र एक टनाचं. यंत्रं येण्याआधी हा बर्फ थेट जहाजातून आपल्या देशात येत असे. तो पाठवायचा बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर.

ट्यूडरचा जन्म १७८३ चा. घर सुखवस्तू, पण याचं लक्ष गावाबाहेरच्या गोठलेल्या तळ्यांकडे. हिवाळ्यात तिथे बर्फ फुकट. उन्हाच्या देशात त्याला सोन्याचा भाव येईल, असा त्याचा हिशेब. १८०६ मध्ये त्याने बर्फाने भरलेलं जहाज वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर नेलं. लोक हसले. बर्फ पोचला, पण तिथे ठेवायला जागाच नव्हती. डोळ्यांदेखत पाणी झालं. मोठा तोटा बसला. पुढे कर्जापायी तुरुंगवासही घडला.

पण गडी खमक्या. अडचण बर्फ मिळण्याची नाही, टिकवण्याची आहे, हे त्याला कळून चुकलं. मग क्यूबातल्या हवाना शहरात त्याने दुहेरी भिंतींचं बर्फघर उभारलं. वितळून किती पाणी गळतं ते मोजत बसला, वेगवेगळे भराव करून पाहिले. शेवटी लाकूड गिरण्यांत वाया जाणारा भुसा कामी आला. भुशात अडकलेली हवा बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. शिवाय लाद्या एकमेकींना चिकटवून रचल्या की हवेला उघडी बाजू कमी राहते. नथॅनिएल वायेथने घोड्याने ओढायचं बर्फ कापायचं अवजार बनवल्यावर चौकोनी लाद्या झपाट्याने निघू लागल्या.

१८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' हे शिडाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिने प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं! तरीही सुमारे १०० टन बर्फ शाबूत उतरला. कोळसा जाळला नाही, फक्त वारा आणि भुसा. पुढे मुंबई आणि मद्रासलाही बर्फघरं झाली. अर्थात तो गारवा साहेब लोकांच्या आणि शेटजींच्या पेल्यात; हमालाच्या वाट्याला बहुधा लादीखालून गळणारं पाणीच.

कॉफीच्या सट्ट्यात बुडालेलं कर्ज फेडून ट्यूडर १८६४ मध्ये श्रीमंतीत वारला. नंतर बर्फाची यंत्रं आली आणि धंदा आटला. मद्रासचं बर्फघर मात्र आज विवेकानंद हाऊस म्हणून उभं आहे.

त्याची युक्तीही जुनी झालेली नाही. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत एका केंद्रातून थंड पाणी नळांनी इमारतींना पुरवतात, आणि ते साठवायला टाकी आहे. दुपारी ऊन भरपूर असतं तेव्हा सौर विजेवर पाणी गार करायचं किंवा बर्फ बनवायचा आणि तो गारवा रात्री वापरायचा, म्हणजे रात्री कोळशाची वीज कमी लागते. थंड देशांत उन्हाळ्याची ऊब गरम पाण्यात साठवून हिवाळ्यात घरं तापवतात, तत्त्व तेच.

आपल्या सुरतेत ऊन आहे, गच्च्यांवर सौर पॅनेलंही आहेत. पण पत्र्याच्या खोलीत रात्र काढणाऱ्या लूम कामगाराला हा गारवा मिळणार का? ट्यूडरच्या काळात हमालाला तो मिळाला नव्हता. या वेळचा हिशेब आपल्या हातात आहे.