सेतुमाधवराव पगडी आणि आपला आदिलाबाद

सेतुमाधवराव पगडी यांना महाराष्ट्र ओळखतो तो इतिहासकार म्हणून. मोगल दरबारची बातमीपत्रे, फारसी साधनांची मराठी भाषांतरे, शिवचरित्र, गालिब आणि इक्बाल यांच्या काव्याचा परिचय, 1992 चे पद्मभूषण. त्यांच्या नोकरीतली काही वर्षे आपल्या जिल्ह्यात गेली, हे मात्र आपल्या तरुण मंडळींना फारसे ठाऊक नसते.

27 ऑगस्ट 1910 रोजी निलंग्याला त्यांचा जन्म झाला. निलंगा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. आसपास मराठी, कन्नड, तेलुगू, कचेरीत उर्दू. पुढे ते हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत शिरले.

1940 साली जोडेघाटला कुमरम भीम मारले गेले आणि गोंडांच्या जमिनीचा प्रश्न सरकारला टाळता येईना. व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या सल्ल्याने 1943 मध्ये मार्लवाईला गोंडी शाळांचे काम सुरू झाले. पुस्तके गोंडीत, पण लिपी देवनागरी; कारण ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती ती मराठीची होती. आदिवासींसाठीच्या या सरकारी कामात पगडी अधिकारी म्हणून आले. दुभाष्यावर भागवून नेणे सोपे होते. त्यांनी भाषाच शिकायला घेतली.

हे किती निसरडे काम आहे ते दोन-चार शब्दांवरून कळते. 'नार' म्हणजे मराठीत स्त्री, गोंडीत गाव. 'पेन' म्हणजे देव. 'सगा' तर फारच फसवा. आपला सगा भाऊ एका आईचा; गोंडांचा सगा म्हणजे अनेक कुळांचा मोठा गट. येर्वेन, सार्वेन, सिवेन, नाल्वेन हे चार सगे सात, सहा, पाच, चार या आकड्यांवरून ओळखले जातात, आणि एकाच सग्यात लग्न होत नाही. व्याकरणही वेगळे. मराठीत तीन लिंगे. गोंडीत पुरुष एकीकडे, बाया, जनावरे आणि वस्तू दुसरीकडे. मुलगी आली काय नि बस आली काय, तेलुगूत दोन्हीला 'वच्चिंदि'च, हे आपल्या मुलांना शाळेपासून ठाऊक आहे; त्यांना यात नवल वाटणार नाही.

खरा घोळ 'पट्टा' या शब्दाचा. नागपूर-पुण्याच्या पाहुण्याला तो कमरेला बांधायचा वाटतो, आपल्याला जमिनीचा कागद. ज्या गोंडाच्या आजाने रान तोडून शेत केले, त्याच्या लेखी नांगर चालवणारा तो धनी. कचेरीच्या लेखी पट्टा ज्याच्या नावावर तो. या दोन अर्थांच्या मध्ये किती शेते गेली! ती घेणाऱ्या बाहेरच्यांत मराठी बोलणारेही होते, हे आपण आपल्या मंडळात तरी मोकळेपणाने बोलावे. अशा ठिकाणी अधिकाऱ्याला गोंडी येणे ही हौस नव्हे, निम्मा न्याय होता.

कोलामांचेही तसेच. ते स्वतःला कोलावर म्हणतात, तेलुगू शेजारी त्यांना मन्नेवार, म्हणजे रानातले, म्हणतात. गोंडही स्वतःला कोइतूर म्हणवतात. सरकारी कागदावर मात्र बहुधा दुसऱ्याने दिलेले नावच चढते.

पगडींनी आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, 1950 मध्ये कोलामीचे आणि 1954 मध्ये गोंडीचे व्याकरण प्रसिद्ध केले. मला विचाराल तर त्यांच्या इतिहासग्रंथांइतकेच हे काम मोठे आहे, पण त्याचा वाचक थोडा, म्हणून गाजावाजाही थोडा. राज्य पुनर्रचनेनंतर ते मुंबईला गेले, महाराष्ट्राच्या गॅझेटियरचे संपादन केले, 'जीवनसेतू' हे आत्मचरित्र लिहिले. 14 ऑक्टोबर 1994 रोजी त्यांचे निधन झाले.

पौष अमावास्येला केस्लापूरला नागोबाच्या जत्रेला आपली बरीच कुटुंबे जातात. तिथे मेस्राम मंडळींच्या तोंडी 'पेन' ऐकू आले तर मुलांना त्याचा अर्थ सांगा.