आगरकर : संपादक आणि लोकमत

गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) हे १८८१ मध्ये 'केसरी'चे पहिले संपादक झाले. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावरील आरोपांना आधारभूत मानलेली पत्रे बनावट ठरली आणि १८८२ मध्ये आगरकर व टिळक यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुरावा पारखण्यात संपादकच चुकले होते. तरीही सुटकेनंतर लोकांनी त्यांचा जयजयकार केला. मतभेदांमुळे १८८७ मध्ये 'केसरी' सोडून आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. बालविवाह, केशवपन यांवर तर्कशुद्ध लेखन करणाऱ्या याच संपादकाची पुण्यातील सनातन्यांनी जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. बनावट पत्रे पोटात घालणाऱ्या समाजाला सयुक्तिक विचार मात्र सोसवला नाही, ही विसंगती लक्षणीय होय. दम्याने जर्जर झालेले आगरकर चाळिशी गाठण्यापूर्वीच निवर्तले. 'सुधारक'मधील लेखन त्यांनी अखेरपर्यंत सोडले नव्हते.