लक्ष्मणराव किर्लोस्कर: मासिकं वाचून यंत्रं शिकलेला कारखानदार

दरेकसा हे गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातलं, छत्तीसगडच्या सीमेजवळचं गाव. तिथल्या एखाद्या मुलाला वस्तूचं डिझाइन किंवा कारखान्यातलं दर्जा नियंत्रण शिकायचं असेल, तर आज मोबाइलवर सुरुवात करता येते. ‘स्वयं’ आणि ‘एनपीटीईएल’वर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट ऐकता येतात, फी लागते ती प्रमाणपत्राच्या परीक्षेला. पण लांबून शिकून हातात कसब खरंच येतं का? सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने असंच काहीसं करून पाहिलं होतं.

रंग चुकले, रेषा जमल्या

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला झाला. चित्रकार व्हायचं म्हणून १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. चित्रकला सुटली. यंत्रांच्या ड्रॉइंगला मात्र रंग लागत नाहीत. लागते ती अचूक रेषा आणि माप. ते शिकून लक्ष्मणराव मुंबईच्या व्हीजेटीआय संस्थेत हाच विषय शिकवू लागले.

त्या काळचा ऑनलाइन कोर्स

इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी अमेरिकन तांत्रिक मासिकं आणि पुस्तकं मागवून वाचली, आकृत्या समजून घेतल्या आणि यंत्रांवर स्वतः हात चालवला. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हिडिओ पाहिला आणि लगेच प्रॅक्टिकल केलं.

बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर त्यांनी सायकलींचं दुकान काढलं होतं. पुढे हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला परतले आणि कडबा कापायची यंत्रं व लोखंडी नांगर बनवू लागले.

नांगर विकत कोण घेणार?

लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली!

नांगर बनवणंही दिसतं तितकं सोपं नाही. फाळाचं टोक कडक हवं, नाहीतर लगेच झिजतं. पण अख्खा फाळच कडक केला तर तो ठिसूळ होऊन दगडावर फुटतो. ओतकामात यावर एक युक्ती आहे, तिला ‘चिल’ म्हणतात. साच्यात टोकाच्या जागी लोखंडाचा ठोकळा बसवतात. वितळलेलं बीड तिथे झटकन थंड होतं आणि टोक कडक बनतं. बाकीचा भाग सावकाश थंड होतो, म्हणून तो त्यामानाने कमी ठिसूळ राहतो.

शिवाय फाळ कधी ना कधी झिजणारच. तेव्हा नवा फाळ जुन्या नांगराला बिनतक्रार बसायला हवा, म्हणजे प्रत्येक भोक ठरलेल्या मापातच पडायला हवं. दर्जा नियंत्रण म्हणतात ते हेच: पहिला नग चांगला निघाला एवढ्यावर भागत नाही, शंभरावाही तसाच निघाला पाहिजे.

माळरानावरची शाळा

बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. निवडुंगाच्या त्या ओसाड माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथे लक्ष्मणरावांनी सर्टिफिकेट पाहून माणसं निवडली नाहीत. शंभोराव जांभेकरांसारखे सहकारी काम करता करताच यंत्रांत तरबेज झाले. इतकंच काय, शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही त्यांनी राखणीचं काम विश्वासाने सोपवलं.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. तोवर नांगराच्या त्या कारखान्यातून पंप, इंजिनं आणि विजेच्या मोटारींपर्यंत मजल गेली होती.

मग आपण काय करायचं?

कोर्स जरूर करा, पण सोबत एक खरी वस्तू हातात घ्या. दरेकसा परिसरात भातशेती आहे, तर भाताच्या कोळप्याचं एखादं झिजलेलं दातं घ्या. ते मोजा, कागदावर उतरवा, गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून तसेच दहा नग करून घ्या आणि दहाही पुन्हा मोजा. मापं कुठे चुकतात ते लिहून ठेवा. मग ते नग शेतकऱ्याला वापरायला द्या आणि हंगाम संपल्यावर परत मागून बघा. कोर्सची परीक्षा दोन-तीन तासांत संपते, ही मात्र पूर्ण हंगामभर चालते.