लक्ष्मीबाई टिळक : हट्ट आणि दया

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी लगेच लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घेतले. एक तर त्या आपल्या नाशिकच्या. नाशिकजवळ जलालपूर येथे 1868 साली त्यांचा जन्म झाला आणि 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकातच त्यांनी देह ठेवला. दुसरे कारण असे की, देवाची दया आणि माणसाचा हट्ट या विषयावर प्रवचने पुष्कळ ऐकावयास मिळतात. परंतु हा सामना प्रत्यक्ष चुलीपाशी आणि पाण्याच्या घागरीपाशी कसा चालतो, हे पाहावयाचे असेल तर या बाईंच्या आयुष्याकडेच पाहावे लागते. आपल्या मंडळात देवळात जाणाऱ्या आहेत, चर्चमध्ये जाणाऱ्याही आहेत. दोघींनाही या चरित्रात आपले काहीतरी सापडेल, असे मला वाटते.

लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. 1857 च्या धामधुमीत त्यांच्या आजोळावर मोठा आघात झाला आणि तेव्हापासून त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे अक्षरशः वेड लागले. बाजारातून आलेली जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. शिवाशिवीच्या धाकाखाली घरातील बायकामुलांचा जीव मेटाकुटीस येई. अशा घरात ही मुलगी वाढली. पाण्यालाही जात असते, हा धडा तिने अक्षरओळख होण्यापूर्वीच घेतला होता, हे पुढची हकीकत वाचताना ध्यानात ठेवावे.

अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, 1861 सालचा. माणूस बुद्धिमान, कवी, प्रेमळ आणि तितकाच लहरी. आज येथे तर उद्या तेथे. नोकरी धरावी आणि सोडावी, रागावून निघून जावे आणि तितक्याच ओढीने परत यावे. पैसा हाती आला की तो घरी पोचण्यापूर्वी एखाद्या गरजवंताच्या हातात जावयाचा. बायकोने शिकावे असे त्यांना मनापासून वाटे. लक्ष्मीबाईंनी शाळा पाहिली नव्हती. नवऱ्याच्या लहरीप्रमाणे जेवढे शिकता आले तेवढेच त्यांचे शिक्षण. या संसारात मुले झाली, काही गेली. 1891 साली दत्तू झाला आणि तो जगला.

1893 साली राजनांदगावला जात असता आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाशी टिळकांची गाठ पडली. त्याने त्यांना नवा करार वाचावयास दिला. मुळातच धर्माचा शोध करणारा हा माणूस त्या पुस्तकाने भारला गेला. डोंगरावरील प्रवचन त्यांच्या मनातून जाईना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना जे सत्य वाटले त्यासाठी त्यांनी घरदार, जात, नातीगोती सर्व पणाला लावले. हे धैर्य मोठेच. परंतु पणाला लावलेल्या त्या गोष्टींत बायकोही होती, आणि तिला विश्वासात घेऊन हे पाऊल टाकलेले नव्हते. टिळकांविषयी मला अत्यंत आदर आहे. तरी ही गोष्ट झाकून त्यांचे चरित्र सांगणे मला बरे वाटत नाही. सत्यासाठी धरलेला हट्टही घरातल्या माणसाला जखम करतो.

ती जखम फार खोल होती. त्या वेळी लक्ष्मीबाई 26 वर्षांच्या होत्या, पदरी लहान मूल. नवरा हयात, पण सोवळ्याच्या जगात तो मेल्यासारखाच. दुःखाने त्यांची अशी अवस्था झाली की माहेरच्या माणसांना त्यांच्यावर नजर ठेवावी लागली. पुढे पंढरपुरास नातलगांकडे त्या राहिल्या. जायचे नाही, बाटायचे नाही, हा त्यांचा निश्चय. लोक त्याला निष्ठा म्हणत आणि तीही त्यात होतीच. परंतु ज्याच्यावर जीव आहे त्याच्याकडे जाता येत नाही आणि ज्या आचारासाठी थांबलो तो आचार जिवाला थंडावा देत नाही, अशी त्यांची कोंडी झाली. नवऱ्याची पत्रे येत, कविता येत. त्या दुःखातूनच लक्ष्मीबाईही कविता करू लागल्या.

येथे टिळकांच्या बाजूची एक गोष्ट सांगितली पाहिजे. 1866 सालच्या कायद्याने, ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार नांदावयास येत नसेल तर कोर्टात जाऊन विवाह मोडून घेण्याची सोय होती. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. ते वाट पाहात राहिले. रागीट, उतावळा, एका जागी न टिकणारा हा मनुष्य या एका बाबतीत मात्र थांबून राहिला. देवाच्या दयेचे वर्णन करताना आपण पाऊस, सागर अशा मोठमोठ्या उपमा देतो. मला तर वाटते, दयेचे घरगुती नाव वाट पाहणे हेच असावे.

बायबलच्या जुन्या करारात याच अर्थाची एक सुंदर कथा आहे. योना नावाच्या संदेष्ट्याला देवाने निनवे शहराकडे पाठविले, तर तो उलट्या दिशेच्या गलबतात जाऊन बसला. वादळ झाले, माशाच्या पोटात तीन दिवस काढावे लागले, तेव्हा तो निनवेला गेला. त्याचा इशारा ऐकून शहराने पश्चात्ताप केला आणि देवाने शहराला क्षमा केली. त्यावर योनाच रुसून बसला. शत्रूच्या शहराला क्षमा का? देवाने त्याला शिक्षा केली नाही. उन्हात बसलेल्या त्या रुसक्या माणसावर एका वेलाची सावली धरली, मग तो वेल सुकविला आणि एवढेच समजाविले की, तुला एका वेलाची कीव येते, तर मला एवढ्या माणसांची का येऊ नये? योनाने पुढे काय केले हे त्या पुस्तकात लिहिलेलेच नाही. कथा देवाच्या प्रश्नावर थांबते. मिसर देशातून सुटलेले इस्राएल लोकही असेच ताठ मानेचे. रोज कुरकुर करीत, आणि रोज सकाळी त्यांच्यासाठी मान्ना पडलेलाच असे. हट्टी माणसाला देव उपाशी ठेवून नमवीत नाही, असा मी या कथांचा अर्थ घेते.

लक्ष्मीबाई शेवटी नवऱ्याकडे अहमदनगरास (आता त्याचे अहिल्यानगर झाले आहे) आल्या, त्या आपला हट्ट बरोबर घेऊनच. आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळे, ही त्यांची अट. टिळकांनी ती मान्य केली. ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली बायको असा तो संसार. बाहेरच्यांना हसू आले असेल. पण माझ्या मते या चरित्रातील सर्वात मोठी गोष्ट हीच. टिळकांना बायकोचे मन वळवावयाचे होते, तरी त्यांनी तिच्या घागरीला हात लावला नाही. एका घरात दोन निष्ठांना जागा झाली, आणि अशी जागा झाल्यावरच लक्ष्मीबाईंचे मन स्वतःच्या पायांनी चालू लागले.

राहुरीच्या मुक्कामात एके दिवशी त्या एकट्याच विचार करीत बसल्या होत्या. पशुपक्ष्यांच्या जाती देवाने केल्या, त्या पाहताक्षणी ओळखू येतात. मग माणसांच्या जाती त्यानेच केल्या असत्या तर त्यांच्या शरीरावर तशी काही खूण नसती का? हा भेद माणसानेच केला असला पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला. तेथे प्रवचन नव्हते, कोणाचा आग्रह नव्हता. लहानपणापासून मनात बसलेले सोवळे एका साध्या प्रश्नाने गळून पडले. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, 1900 साली, घेतला. आधी माणसाचा विटाळ गेला, मग देवाकडे जाणे झाले. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. शेजारणीच्या हातचे पाणी नाकारून देवाचा प्रसाद कोणत्याही धर्मात गोड लागत नाही.

तर लक्ष्मीबाईंनी हट्ट सोडला, असे काही चरित्रांत म्हणतात. मला ते पटत नाही. हट्ट होता तसाच राहिला. त्याला काम मात्र दुसरे मिळाले. 1899–1900 च्या भयंकर दुष्काळात पोरकी झालेली मुले त्यांच्या घरी वाढली. त्यांना न्हाऊमाखू घालणे, आजारात उशाशी बसणे, हे सर्व लक्ष्मीबाईंनी केले. नगरात प्लेग आला तेव्हा माणसे पळत होती आणि या बाई रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. ज्या हातांना परक्याच्या घागरीचा स्पर्श चालत नव्हता, ते हात आता कोणाचेही अंग पुशीत होते. बालकवी ठोंबऱ्यांनाही या घरात आईची माया मिळाली.

टिळकांशी त्यांचे खटके शेवटपर्यंत उडत राहिले. 1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. म्हणजे घरात पुन्हा अनिश्चितता आली. तरी या वेळी लक्ष्मीबाई बरोबर होत्या. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईस वारले. लक्ष्मीबाई पन्नाशी ओलांडलेल्या. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था त्यांनी पाहिली, पुढे काही काळ मुलाकडे कराचीस राहिल्या आणि अखेर नाशिकास आल्या.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते. पहिले काही अध्याय होतात न होतात तोच ते गेले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्यांच्या पत्नीने त्याचे पुढचे 64 अध्याय रचले. ज्या ख्रिस्तासाठी नवरा दुरावला म्हणून एकेकाळी त्या रडल्या, त्याच ख्रिस्ताची कथा त्यांनी म्हातारपणी ओव्यांतून सांगितली. हट्टावाचून 64 अध्याय होत नाहीत, हे कोणीही कबूल करील. 1933 साली नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले.

1934 पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली आणि मराठी वाचक थक्क झाला. या पुस्तकात त्या स्वतःला संत म्हणून मिरवीत नाहीत आणि नवऱ्यालाही देव्हाऱ्यात बसवीत नाहीत. वडिलांचे सोवळे, नवऱ्याचा राग, आपली फजिती, सर्व हसत हसत सांगतात. ज्याला क्षमा मिळाल्याची खात्री आहे, त्यालाच आपले दोष असे हसत सांगता येतात. कडवटपणाला पुरेपूर कारण असूनही त्या लेखनात कडवटपणा नाही. देवाच्या दयेची याहून दुसरी साक्ष मी मागणार नाही.

भगिनींनो, आपल्या घरीही दोन हट्ट समोरासमोर येतात. सून वेगळ्या जातीची येते, मुलगा वेगळ्या वाटेने जातो, म्हातारी सासू आपली घागर सोडत नाही. अशा वेळी घागर फोडण्याचा मोह होतो. लक्ष्मीबाईंची घागर कोणी फोडली नाही, म्हणून एके दिवशी त्यांनी ती आपल्या हातांनी बाजूला ठेवली. आपल्या मंडळाच्या वाचनालयात ‘स्मृतिचित्रे’ नसतील तर या वर्षी प्रथम ती घ्यावीत, आणि असतील तर ती कपाटात राहू देऊ नयेत, एवढीच माझी विनंती आहे.