श्रीमंत चिमाजी अप्पा : एका धाकट्या बंधूचे चरित्र

गोमंतकातील आपल्या देवस्थानांना अठराव्या शतकात जो आधार लाभला, त्याचा विचार करताना पेशवे घराण्याचे स्मरण होणे क्रमप्राप्त आहे. १७३९ साली वसईचा किल्ला पोर्तुगीजांच्या हातून गेला. त्याच वर्षी रामचंद्र मल्हार सुखठणकर यांच्या खटपटीने पेशव्यांकडून मंगेशी गाव श्रीमंगेश देवस्थानास इनाम मिळाला. त्याच सुमारास शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने कवळे येथे श्रीशांतादुर्गेचे देवालय उभे राहत होते. त्या काळातील एक अग्रणी पुरुष म्हणजे श्रीमंत चिमाजी अप्पा. त्यांच्या रणांगणावरील पराक्रमाविषयी विपुल लिहिले गेले आहे. परंतु त्यांच्या अखेरच्या वर्षाला ज्या गृहकलहाने ग्रासले, त्याचे मनन आपणा महाजन कुटुंबीयांस अधिक उपयुक्त ठरेल असे वाटते.

श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट व राधाबाई यांचे हे कनिष्ठ पुत्र. १७२० साली पित्याचे निधन झाले व ज्येष्ठ बंधू बाजीराव यांस अवघ्या एकोणिसाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे मिळाली. तेव्हापासून दोघा बंधूंनी जणू कामाची वाटणीच केली. बाजीरावांनी दूरच्या मोहिमा चालवाव्या आणि चिमाजी अप्पांनी घर, दरबार व खजिना सांभाळून प्रसंग पडताच तलवार धरावी, असा क्रम चालला. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेरा येथे गिरधर बहादूर व दया बहादूर यांचा पराभव करून अप्पांनी माळव्याचा दरवाजा उघडला. १७३० साली त्यांस सदाशिवराव हा पुत्र झाला. परंतु पत्नी रखमाबाई लवकरच निवर्तल्या आणि ते मातृहीन बालक आजी राधाबाईंच्या मायेखाली वाढले.

इकडे १७२९ च्या मार्च महिन्यात बाजीरावांनी बुंदेलखंडात धाव घेऊन महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून वृद्ध छत्रसालाची सुटका केली. छत्रसालाने पेशव्यांस पुत्रवत् मानून राज्याचा एक तृतीयांश भाग देऊ केला. मस्तानी ही त्याचीच कन्या होती व तिचा संबंध याच सख्यातून जुळला, असे परंपरा सांगते. राजकीय सोयीसाठी जडलेले असे संबंध त्या काळी नवे नव्हते, व त्यात मनाचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नसे. येथे मात्र विपरीत घडले. सोयीच्या नात्याचे रूपांतर उत्कट प्रेमात झाले. शनिवारवाड्यात मस्तानीसाठी स्वतंत्र महाल झाला, आणि १७३४ साली तिला समशेर बहादूर हा पुत्र झाला.

तरीही बंधूंच्या कर्तव्यात अंतर पडले नाही. १७३७ च्या डिसेंबरात बाजीरावांनी निजामास भोपाळ येथे कोंडले, तेव्हा दक्षिणेतून त्याला कुमक पोहोचू नये म्हणून तापीकाठी दक्ष राहिले ते चिमाजी अप्पाच. आज शाहपुऱ्यासारख्या वसाहतींनी विस्तारलेल्या त्या नगरात अनेक मराठी कुटुंबे सुखाने नांदत आहेत. त्यांनी या पहाऱ्याचे स्मरण अवश्य ठेवावे. भोपाळचा जय म्हणजे एका भावाची चढाई व दुसऱ्याची राखण. १७३८ च्या जानेवारीत दोराहा येथे झालेल्या तहाने नर्मदा व चंबळ यांमधील प्रदेश आणि पन्नास लक्ष रुपये निजामाने कबूल केले.

पुढील वर्षी अप्पांनी स्वतः वसईस वेढा घातला. गोव्याहून तेथे मदत जाऊ नये म्हणून त्यांचे मेहुणे, इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे, सासष्टीत उतरले व मडगाव त्यांनी घेतले. सुरुंग, हल्ले व भयंकर प्राणहानी यांनंतर १७३९ च्या मे महिन्यात किल्ल्याने शरणागती पत्करली. पराभूत शत्रूस सन्मानाने बाहेर जाऊ देण्याचे औदार्य अप्पांनी दाखविले. पोर्तुगीजांचा उत्तर प्रांत बहुतांशी संपुष्टात आला. त्या मुलुखातील चर्चच्या घंटा भीमाशंकरासारख्या देवालयांत आजही आढळतात.

परंतु विजयी वीर पुण्यास परतला तो घरातील युद्धासाठी. घरात सदाशिवराव व पुतण्या रघुनाथराव यांची मंगलकार्ये योजली होती, आणि मस्तानीचा सहवास सुटल्याखेरीज ब्रह्मवृंद कार्यास उभा राहण्यास तयार नव्हता. राधाबाई व्यथित होत्या. पुतणे नानासाहेबही आजीच्या व चुलत्यांच्या बाजूस होते. अखेर १७४० च्या जानेवारीत, बाजीराव मोहिमेवर असताना, मस्तानीस पुण्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. खुद्द शाहू महाराजांस ही जबरदस्ती रुचली नाही.

गोदावरीकाठी नासिरजंगाविरुद्ध दोघे बंधू पुन्हा एकत्र लढले. फेब्रुवारीअखेर मुंगीपैठणचा तह झाला व दोघांच्या वाटा फुटल्या. बाजीराव नर्मदेकडे गेले. वियोगानंतर वडील बंधूंकडून पत्र येईना, तेव्हा अप्पांचे मन द्रवले. पुण्यास परतताच मस्तानीस बंधूंकडे पाठवून त्यांचे चित्त शांत करावे, असे त्यांनी नानासाहेबांस कळविले. परंतु काळ थांबला नाही. मानाजी व संभाजी या आंग्रे बंधूंच्या कलहासाठी अप्पा कुलाब्यास गुंतले असता, २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे बाजीराव निवर्तल्याची वार्ता आली. परक्यांच्या घरातील भाऊबंदकी मिटविणाऱ्यास स्वतःच्या घरातील समेटाची संधी मिळाली नाही. मस्तानीही लवकरच मृत्यू पावली. तिची समाधी पाबळ येथे आहे.

शोक गिळून अप्पांनी नानासाहेबांस पेशवाईची वस्त्रे मिळवून दिली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी पुण्यात ओंकारेश्वराजवळ आहे.

या कथेचा निवाडा मनुष्यांनी नव्हे, पुढील पिढीने केला. मस्तानीच्या पुत्राचा सांभाळ काशीबाईंनी ममतेने केला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर चिमाजी अप्पांचे पुत्र सदाशिवरावभाऊ सेनापती होते, व मस्तानीचे पुत्र समशेर बहादूर त्यांच्याच निशाणाखाली लढले. भाऊ रणात पडले. जखमी समशेर बहादूर पुढे भरतपूर येथे मरण पावले. पित्यांच्या घरात ज्यास पंक्तीत स्थान नव्हते, त्यास रणभूमीवर ते मिळाले.

आचार राखणे हे कुलाचे कर्तव्य खरेच. पण तो राखताना भावाचे अंतःकरण तुटणार नाही, एवढी सावधगिरी श्रीकृपेने आपणा सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.